हैदराबादचं मिडवाइफवालं बाळंतपण : चार स्टार, पाचवा का कापला तेही लिहिलंय

धाकट्या बहिणीची डिलिव्हरी हैदराबादला मिडवाइफनं (बाळंतपण करायचं खास शिकलेल्या नर्सनं) केली म्हटलं की इकडं नांदेडात लोक दोनच प्रश्न विचारतात, डॉक्टर नव्हती का आणि किती लागले. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण चांगलं लिहिणारे तसं खटकलेलंही लिहिणारे, आणि तसंही हैदराबादला ही सोय आता एकाच ठिकाणी राहिलेली नाही, चार जणांना विचारलं की कळतं.

तर डॉक्टर होती. पहिल्या व्हिजिटला डॉक्टरच तपासते, सोनोग्राफी, रक्त-लघवी, बीपी, शुगर, थायरॉईड सगळं, आणि सगळं ठीक असेल तर विचारतात की पुढं मिडवाइफकडं दाखवायचंय का. जुळं असेल, बीपी वाढलेलं असेल, वार खाली असेल, बाळ आडवं असेल तर विषयच नाही, डॉक्टरकडंच. आमच्या धाकटीला काहीच नव्हतं, पहिलटकरीण असली तरी तब्येत ठणठणीत, म्हणून तिनं हो म्हटलं आणि जावईही तयार झाले. तयार नव्हती ती आमची आई. देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढायच्या आधीच भडकली, 'सुईणीच्याच हातानं करायचं होतं तर हैदराबादला कशाला करायलीस, आपल्या गावात काय कमी होत्या'. आईचा राग मला कळतो, तिनं लहानपणी चुलतीचं घरातलं बाळंतपण बघितलंय, ब्लेडनं नाळ कापलेली आणि रक्त थांबेना म्हणून बैलगाडीतून नेताना काय झालं ते ती आजही पूर्ण सांगत नाही. तिला समजावून सांगावं लागलं की बाई ह्या वेगळ्या, ह्या आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी नर्सिंग केलेल्या रजिस्टर्ड नर्स असतात, वर दोन वर्षं काम केलेलं असावं लागतं आणि मग दीड वर्षाचा मिडवाइफरीचा कोर्स, एक वर्ष शिकणं आणि सहा महिने प्रॅक्टिस. नॉर्मल डिलिव्हरी स्वतः करतात, टाके घालतात, बाळ रडलं नाही तर काय करायचं ते शिकलेल्या असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरला कधी हाक मारायची हे त्यांना शिकवलेलं असतं. आई गप्प बसली पण पटलेलं नव्हतं हे तोंडावरून दिसत होतं.

नऊ महिन्यांच्या तपासण्यांना मी पाचात पाच देईन. मी दोनदा सोबत गेले होते. टोकन घेऊन तासभर बसावं लागतं ते तिथंही आहेच, त्यात काही फरक नाही, पण एकदा आत गेलं की अर्धा तास कुणी उठवत नाही. पोटाची उंची टेपनं मोजली, बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते धाकटीचाच हात धरून तिला दाखवलं, झोप कशी लागते, सासरी कोण कोण आहे, घरात कुणी त्रास देतं का, हे पण विचारलं, तेही जावयांना दोन मिनिटं बाहेर बसवून. माझ्या वेळी (नांदेडातच, दवाखान्याचं नाव नको) तीन मिनिटांत बीपी, वजन, गोळ्या चालू आहेत ना, पुढची तारीख, झालं. आता त्या डॉक्टरणीच्या बाहेर साठ-सत्तर बायका बसलेल्या, तीही काय करणार, पण मला नवव्या महिन्यापर्यंत हेच माहीत नव्हतं की कळा आल्यावर लगेच पळत जायचं नसतं.

क्लासेसना मात्र तीनच स्टार. आठवड्याला एक क्लास, श्वास कसा घ्यायचा, कुठल्या पोझिशनमध्ये बसायचं, बाळाला अंगावर कसं धरायचं वगैरे, मटेरियल चांगलं, पण सगळं इंग्रजी आणि तेलुगूत. धाकटीचं भागलं, तिच्याबरोबर जालन्याची एक मुलगी होती ती नुसती मान हलवायची. हैदराबादला मराठी माणसं थोडी आहेत का, निदान हिंदीत तरी एक बॅच ठेवा की.

आता खरी परीक्षा. तारीख उलटून तीन दिवस झाले आणि नातेवाइकांचे फोन सुरू. कुणी म्हणे पाणी कमी होईल, कुणी म्हणे बाळ आत शी करेल, एका आत्याबाईंनी तर चांगला दिवस बघून सिझर करून टाका म्हणून पंचांगच उघडलं. हे तिकडं लई चालतं बरं का, मुहूर्त बघून सिझर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणात शंभरातली साठ बाळंतपणं सिझरनं झालेली, खाजगी दवाखान्यात तर ऐंशीच्या वर, आपल्या महाराष्ट्रात सगळे दवाखाने मिळून तोच आकडा पंचवीसच्या आसपास होता. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की सिझरचं प्रमाण शंभरात दहाच्या वर गेल्यानं आया-बाळांचे मृत्यू आणखी कमी होत नाहीत, म्हणजे साठातली किती गरजेची होती ते तुम्हीच बघा. मिडवाइफनं शांतपणे एक दिवसाआड बोलावलं, ठोक्यांचा कागद काढला, सोनोग्राफीत पाणी बघितलं आणि सांगितलं की एक्केचाळीस आठवड्यांपर्यंत थांबू, सगळं ठीक आहे. डॉक्टरनंही त्यावर सही केली.

त्याच रात्री पोट दुखायला लागलं. फोन केला तर म्हणाल्या कळा पाच-पाच मिनिटांवर येऊ द्या मग निघा. पण आई कुठली ऐकते, आम्ही रात्री एकला गाडी काढून अर्धं शहर ओलांडून गेलो आणि त्यांनी तपासून सांगितलं की पिशवीचं तोंड अजून दोनच सेंटीमीटर उघडलंय, घरी जा, खा, झोपा. आईचा पारा असा चढला की विचारू नका. माझं म्हणणं असं की सल्ला बरोबर होता, लवकर ॲडमिट केलं की मग सलाईन, मग इंजेक्शन, मग 'प्रोग्रेस नाही' म्हणून सिझर, ही साखळी मी स्वतः भोगलीय. पण रात्री एकला लांबून आलेल्या बाईला तासभर टेकायला एखादी खोली द्यायला काय जातं? इथं अर्धा स्टार गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेलो तेव्हा पाच सेंटीमीटर होतं, मग घेतलं. लेबर रूम म्हणजे माझ्या डोळ्यासमोर तेच, पाय अडकवायचं लोखंडी टेबल आणि डोळ्यावर येणारा फोकस. इथं खाली जाड गादी, मोठा रबरी चेंडू, छताला बांधलेली कापडी दोरी लोंबकळायला, भिंतीला धरायला दांडा, लाइट मंद. सोबत एक बाई थांबू शकते म्हणून मी थांबले (सरकारनं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांतसुद्धा बाळंतिणीसोबत एक जण थांबू द्या असं सांगितलंय, किती ठिकाणी थांबू देतात ते सोडा). मिडवाइफ निजामाबादकडची, तिशीतली, दखनी हिंदी बोलणारी. धाकटी तिला अक्का म्हणायची. ती आत आली आणि खुर्चीवर नाही, सरळ गादीवर मांडी घालून बसली, आणि मग जवळजवळ सगळा वेळ तिथंच. कळ आली की कंबरेवर दोन्ही तळवे रोवून दाबायची, कळ गेली की पाण्याचा घोट द्यायची, खजूर द्यायची. धाकटी ओरडायला लाजत होती तर म्हणे 'चीखना है तो चीखो अम्मा, शरमाओ नक्को, ये दीवारां सब सुने हुए हैं'. मला हसूच फुटलं.

पण नुसतं गोड बोलणं नव्हतं, हे आईसारख्या शंका घेणाऱ्यांसाठी लिहिते. अर्ध्या तासानं, नंतर पंधरा मिनिटांनी ती छोटं डॉपलर पोटाला लावायची आणि घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजायची, मग तक्त्यावर टिंब. बीपी, नाडी, कळा किती वेळ टिकल्या, सगळं त्या एका कागदावर. आतून तपासणी चार तासांनी एकदाच, माझ्या वेळी तर जी येईल ती हात घालून जायची. रात्री अकराच्या सुमाराला ठोके एकदम ऐंशी-नव्वदवर आले. अक्कानं एक शब्द न बोलता धाकटीला डाव्या कुशीवर वळवलं, भिंतीवरचं बटण दाबलं आणि सलाईनची सुई लावायला घेतली. डॉक्टरीणबाई आत आल्या तेव्हा मी अजून काय झालं हेच विचारत होते. मशीन लावलं, ठोके वर आले, एकशे चाळीस, दहा-पंधरा मिनिटं डॉक्टर उभी राहिली, 'तू बघते आहेस ना, मग मी बाहेर आहे' असं काहीतरी तेलुगूत म्हणाली आणि गेली. ऑपरेशन थिएटर त्याच मजल्यावर, लागलंच असतं तर सिझर झालं असतं आणि ते योग्यच असतं. मला ह्या सगळ्या सेवेत सगळ्यात जास्त पटली ती ही गोष्ट. मिडवाइफ विरुद्ध डॉक्टर असं जे लोक बोलतात ना, तसं काही नसतंच, एक जण उशाशी बसून असते म्हणून दुसरीला नेमक्या वेळेला बोलावता येतं. उशाशी कुणीच नसेल तर दाराबाहेर दहा डॉक्टर असून काय करायचं.

एपिड्यूरलचा (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) मात्र सावळागोंधळ. दुखणं सहन होईना म्हणून धाकटीनं मागितलं, कागदावर सोय चोवीस तास, प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, आले तेव्हा तासाच्या वर झालेला आणि पोरगी जोर लावायच्या बेतात. तोपर्यंत अक्कानं शेकलं, गरम पाण्याचा शॉवर दिला, त्यानं बरंच भागलं, पण बाईनं मागितलेली गोष्ट तिला मिळायला पाहिजे, 'नैसर्गिक'च्या नावाखाली वाट बघायला लावणं मला नाही पटत. इथं उरलेला अर्धा स्टार.

शेवटी कुशीवर झोपूनच बाळ झालं. अक्का गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन खाली धरून होती, डोकं दिसल्यावर म्हणे 'अब जोर नक्को, फूंको, फूंको', आणि डोकं इतकं सावकाश बाहेर आलं की कात्री लागलीच नाही, बारीकसं फाटलं त्याला दोन टाके. मुलगी. तशीच ओली उचलून छातीवर, वरून पांघरूण. लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, रक्तस्राव वाढू नये म्हणून, नाळ मात्र तिचं धडधडणं थांबेपर्यंत कापली नाही. वार पडल्यावर ती ताटात घेऊन उलटीपालटी करून बोटानं चाचपून बघितली, तुकडा आत राहिला नाही ना. मग दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट दाबून बघणं आणि पॅड बघणं. आपल्या देशात बाळंतिणी दगावतात त्यात अंगावरून जास्त रक्त जाणं हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे हेच, इंजेक्शन आणि नजर ठेवून बसलेलं माणूस. बाळ तासाभरात आपोआप छातीशी सरकत सरकत लागलं, चीक प्यायलं, आणि बाहेर बसलेल्या आईला आत बोलावलं तेव्हा तिनं नातीच्या आधी अक्काच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिचा रिव्ह्यू तोच.

घरी आल्यावर पुन्हा गडबड. दूध पाजायचं जमेना, चिरा पडल्या, आणि ह्यांची मदत फक्त फोनवर. व्हिडिओ कॉलवर बाळ कसं धरायचं ते दाखवलं पण ते बघून येत नाही हो, हातानं धरून दाखवावं लागतं. ज्या देशांत मिडवाइफ जुनी पद्धत आहे, इंग्लंड, न्यूझीलंड वगैरे, तिथं ती बाळंतपणानंतर घरी येऊन बघते. इथं घरी भेट द्यायची सोयच ठेवलेली नाही.

आता बिल. पॅकेज साठ हजारांचं सांगितलेलं, हातात आलं ते ऐंशीच्या वर. मिडवाइफ युनिट म्हणजे सिंगल रूम घ्यावीच लागते, शिवाय बाळाच्या तपासण्या, लशी, 'कन्झ्युमेबल्स' (ग्लोव्हजसुद्धा मोजलेले). जावयांच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये डिलिव्हरीला पन्नास हजारांची मर्यादा, वरचे खिशातून. त्याच दवाखान्यात सिझर झालं असतं तर लाखाच्या पुढं गेलं असतं म्हणून महाग म्हणता येत नाही, पण स्वस्त आहे असं समजून जाऊ नका.

आणि खरं सांगू का, मला बिलापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. धाकटीकडं कामाला येणाऱ्या मावशींची सून त्याच महिन्यात सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, तिथंही मिडवाइफनंच केली, गादी-चेंडू नसेल, खोलीत चार खाटा असतील, पण कुशीवर झोपू दिलं, सासू सोबत होती, आणि पैसा एक लागला नाही. तेलंगणानं हे २०१७ मध्येच सुरू केलं, करीमनगरच्या सरकारी दवाखान्यातून, तीस नर्सची पहिली तुकडी, शिकवायला हैदराबादचं फर्नांडिस फाउंडेशन आणि सोबत युनिसेफ. त्या फाउंडेशनच्या डॉ. एविटा फर्नांडिस ह्यांनी स्वतःच्या दवाखान्यात २०११ पासूनच मिडवाइफ शिकवायला सुरुवात केली होती, म्हणजे एका प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरनंच हे काम उभं केलं. केंद्र सरकारनं देशभरासाठी मिडवाइफरीच्या गाइडलाइन्स काढल्या डिसेंबर २०१८ मध्ये. करीमनगर आपल्यापासून काही अमेरिकेत नाही, गाडीनं चार-पाच तासांचा रस्ता. आणि नांदेडात मला आजपर्यंत असा कोर्स केलेली एक मिडवाइफ भेटलेली नाही.

कुणी म्हणेल की महाराष्ट्रात माता मृत्यूंचं प्रमाण आधीच कमी आहे, २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागं ३३, देशाचं ९७, तेलंगणाचंही ४३, मग आपल्याला काय गरज. पण ती राज्याची सरासरी झाली हो. त्यात पुणं-मुंबईही आलं आणि आमच्या जिल्ह्यातलं किनवट-माहूरही आलं. किनवटच्या पलीकडच्या तांड्यावरनं किंवा गुड्यावरनं बाई निघाली की पहिला प्रश्न गाडी, दुसरा प्रश्न रस्ता, आणि पोचल्यावर तिसरा प्रश्न, डॉक्टर हजर आहे का, नसेल तर आदिलाबादला जा नाहीतर नांदेडला जा. तिथल्या सिस्टर रात्रभर एकट्या डिलिव्हऱ्या करतातच की, फक्त त्यांना ना वेगळं शिक्षण, ना अधिकार, ना त्याचा वेगळा पगार, आणि काही बिघडलं की पहिला शिव्यांचा मान त्यांचाच. त्यांच्यातल्याच हुशार पोरींना दीड वर्ष शिकवा आणि त्यांना तेवढंच काम द्या, शिकवून परत इंजेक्शनच्या खोलीत बसवू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, सिझरसुद्धा, औषधं, जेवण, गाडी सगळं, म्हणजे पैशाचं अर्धं गणित आधीच सुटलेलं आहे. कमी आहे ती अक्का.

तर एकूण चार. हैदराबादला जाऊन करणार असाल तर फोनवर एवढं विचारून घ्या की रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये प्रत्यक्ष कोण असतं, एका मिडवाइफकडं एका वेळी किती बायका, सिझर लागलं तर टेबलावर जायला किती मिनिटं, भूलतज्ज्ञ दवाखान्यातच राहतो का घरून येतो. उत्तर देताना अडखळले तर दुसरीकडं बघा. नाव सातव्या महिन्याच्या आत नोंदवा, नंतर मिडवाइफ युनिटला जागा मिळत नाही, डॉक्टरकडं पाठवतात. आणि सोबत आलेल्या आईसाठी वेगळी गादी मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.